गोठलेल्या सरोवरावरील मासेमारी

सरोवर गोठले म्हणजे कोळ्याचा धंदा बसला, असे आपल्या कोकण-गोव्याकडील माणसास वाटणे साहजिक आहे. उत्तर युरोपात मात्र तसे घडत नसे. मायदेशास मुकलेला स्वीडनचा आर्चबिशप ओलाउस माग्नुस याने १५५५ साली रोम येथे उत्तरेकडील लोकांचा लॅटिन इतिहास प्रसिद्ध केला. त्यात बर्फास छिद्रे पाडून जाळी ओढणाऱ्या कोळ्यांची चित्रे आहेत.

छिद्र पाडणे कष्टाचे. ते राखणे त्याहून बिकट, कारण एका रात्रीत ते मिटते. यावर जुना उपाय असा, की छिद्रावर फळ्या वा फांद्या टाकून वर भुसभुशीत हिम रचावयाचे. हिमाने गोठणे थांबवावे, हे विलक्षण खरे. परंतु हिमकणांत कोंडलेली हवा पाण्यातील ऊब सहसा बाहेर जाऊ देत नाही. मग धरलाच तर पातळ पापुद्रा धरतो, आणि तो कुऱ्हाडीच्या घावासरशी फुटतो.

याच ग्रंथात बर्फाखालून जाळ्यात पाकोळ्याही निघतात, असे लिहिले आहे. ती समजूत खोटी ठरली. ऐकीव गोष्ट विद्वानासही चकविते. छिद्र राखण्याची विद्या मात्र रोज पोटाच्या कसोटीस लागत होती, म्हणून ती टिकली.