व्हिटॅमिन डी: बेरीज कुणी केलीच नाही

इथे ऊन कमी, मुलांना व्हिटॅमिन डी द्या, असं तुम्हालाही डॉक्टरांनी सांगितलं असेल. द्यायलाच हवं. पण किती, यासाठी ब्रिटनचा एक जुना किस्सा वाचा.

तिथे मुलांना मुडदूस व्हायचा. म्हणून दुसऱ्या महायुद्धात सरकारने बाळांसाठी दूध पावडर आणि कॉडलिव्हर ऑईल पुरवलं. पावडरीत व्हिटॅमिन डी, बाळाच्या सिरीयलमध्येही, वर चमचाभर तेल. मी सीए, म्हणून मला हे असं दिसतं: एकेक नोंद बरोबर, टोटल मात्र कुणी मारली नाही. काही बाळांना रोज ४००० युनिटपर्यंत मिळत होतं. आज बाळांना साधारण ४०० सांगतात.

१९५० नंतर काही बाळं आजारी पडू लागली. उलट्या, बद्धकोष्ठ, वजन वाढेना. रक्तात कॅल्शियम जास्त. १९५७ मध्ये सरकारने प्रमाण घटवलं.

त्रास सगळ्यांना झाला नाही. काहींचं शरीर जनुकदोषामुळे व्हिटॅमिन डी नीट मोडू शकत नाही, हे २०११ मध्ये कळलं. आपलं मूल त्यातलं आहे का, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. आणि जास्तीचं व्हिटॅमिन डी लघवीवाटे जात नाही, चरबीत साठतं.

तेव्हा गमी, थेंब, मल्टिव्हिटॅमिन, फोर्टिफाइड दूध, भारतातून आणलेलं ६०,००० युनिटचं सॅशे, सगळं आज टेबलावर मांडा. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट. बेरीज करा आणि तो आकडा डॉक्टरांना दाखवा.