शकुंतलेचा वेग

दारव्ह्याच्या स्टेशनचं नाव दारव्हा मोतीबाग. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ‘शकुंतला’ इथे थांबायची. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावायला किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने ही लाइन उभारली. कापूस पुढे मँचेस्टरला जायचा. गंमत म्हणजे गाडीचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ साली बनलेलं. ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलं, मग डिझेल आलं.

इतकी वर्षं इंजिन टिकतं ते रोजच्या कामामुळे. राख काढायची, आसांना तेल द्यायचं, ठरावीक दिवसांनी बॉयलर धुवायचा. तो धुतला नाही तर पाण्यातल्या क्षारांचा थर साचतो, खालचा पत्रा जास्त तापतो आणि कमजोर होतो. फोटो काढणाऱ्यांना यातलं काही दिसत नाही.

खरं दुखणं रुळांचं. मालकी कंपनीची, गाडी चालवणार मध्य रेल्वे. मग डागडुजीचा खर्च कुणाचा? हा प्रश्न भिजत राहिला, रूळ थकत गेले. अशा रुळांवर ड्रायव्हरच्या हाती एकच उपाय उरतो, हळू चालणं. ताशी वीसेक किलोमीटर! वेग निम्मा केला की ब्रेक लावल्यावर गाडी साधारण पाव अंतरात थांबते. त्यामुळे शकुंतलेला आळशी म्हणणं मला पटत नाही. पण एसटी तिच्या कितीतरी आधी यवतमाळला पोचायची, आणि स्वस्त तिकिटासाठी शकुंतलेत बसणारे तेवढे उरले.