कळफलकाची लिपी : वादनलेखन व त्याचे संपादन यांचा इतिहास

संगीत टिकवून ठेवण्याचे दोन मार्ग आहेत आणि ते मूलतः भिन्न आहेत. पहिला मार्ग ध्वनिमुद्रणाचा. कंठातून वा वाद्यातून निघालेली ध्वनिलहर जशी उमटली तशी साठवून ठेवावयाची, हा त्याचा विधी. १८७७ मध्ये एडिसनने सिद्ध केलेल्या फोनोग्राफपासून तो रूढ झाला. दुसरा मार्ग वादनलेखनाचा. त्यात ध्वनी साठविला जातच नाही. वादकाने कोणती कळ, कोणत्या क्षणी, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढीच नोंद होते. पुढे ती नोंद वाचून वाद्य पुन्हा वाजते. आजच्या विद्युत् कळफलकांवर मुद्रण व संपादन यांच्या ज्या सोयी एकामागून एक अवतरल्या, त्यांपैकी बहुतेक या दुसऱ्या मार्गावरच्या आहेत. त्यांची गणना फोनोग्राफच्या वंशात करणे ही चूक होय. त्यांचा इतिहास हा एका लिपीचा इतिहास आहे, आणि लिपीचे गुण व लिपीचे दोष हे दोन्ही त्यांच्या ठिकाणी आढळतात.

या कल्पनेचा उगम फोनोग्राफहून सव्वाशे वर्षांनी जुना आहे. इंग्लंडमधील क्रीड या गृहस्थाने मांडलेली एका यंत्राची योजना १७४७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आली. ऑर्गन किंवा हार्प्सिकॉर्ड यांवर वादक आयत्या वेळी सुचलेले जे वाजवील, ते त्याच वेगाने लिहून घ्यावयाचे, असा तिचा उद्देश होता. १७५२ च्या सुमारास बर्लिनमध्ये होलफेल्ट नावाच्या कारागिराने असे यंत्र प्रत्यक्ष घडविले. कळ दाबली की फिरत्या कागदावर रेघ उमटे. रेघेच्या जागेवरून स्वर आणि तिच्या लांबीवरून त्याचा काल ओळखावयाचा. हे प्रयत्न कळवाद्याबाबतच व्हावेत, व्हायोलिनबाबत किंवा गळ्याबाबत होऊ नयेत, हा योगायोग नव्हे. कळवाद्याने स्वरांचे अखंड क्षेत्र आधीच तुकड्यांत विभागलेले असते. जेथे घटक सुटे झालेले आहेत तेथेच लेखन सुलभ होते, हा नियम भाषेला लागू आहे तसाच येथेही आहे.

तथापि रेघांचा तो कागद माणसाला वाचून काढावा लागे. वाद्याला स्वतः वाचता येईल अशी लिपी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, छिद्रे पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीच्या रूपाने, व्यवहारात आली. छिद्र आले की हवेच्या दाबाने ती ती कळ खाली जाई. आरंभी निरनिराळ्या कारखानदारांच्या गुंडाळ्या परस्परांच्या वाद्यांवर चालत नसत. १९०८ मध्ये अमेरिकेतील बफलो येथे भरलेल्या परिषदेत उत्पादकांनी गुंडाळीची रुंदी व छिद्रांमधील अंतर यांविषयी एकमत केले आणि ८८ कळांची गुंडाळी सर्वमान्य झाली. त्याआधीच, १९०४ मध्ये, फ्रायबुर्ग येथील वेल्टे यांच्या कारखान्याने आघाताचे लहानमोठेपणही नोंदविणारी 'वेल्टे-मिन्योन' ही पद्धती सिद्ध केली होती. १९०५ मध्ये माहलर व १९०६ मध्ये ग्रीग या संगीतरचनाकारांनी तिच्यासाठी वादन केले.

संपादनाचा जन्म याच गुंडाळीवर झाला. चुकून लागलेल्या स्वराचे छिद्र चिकटपट्टीने बुजविता येई. राहून गेलेल्या स्वराचे छिद्र नव्याने पाडता येई. दोन हातांना न झेपणारे स्वरही मागाहून घालता येत. कॉनलॉन नॅनकॅरो या रचनाकाराने तर वादकाला रजाच दिली. मेक्सिकोत राहून १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून त्याने स्वतःच्या हाताने छिद्रे पाडून रचना लिहिल्या. त्यांतील पुष्कळ रचना मानवी बोटांना अशक्य अशाच आहेत. वादनाची नोंद म्हणून जन्मलेली लिपी येथे स्वतंत्र रचनेचे साधन बनली. बोलणे टिपून ठेवण्यासाठी निर्माण झालेले लेखन पुढे ग्रंथरचनेचे माध्यम बनावे, त्यातलाच हा प्रकार होय.

ध्वनिमुद्रणाच्या मार्गाने इतके संपादन बरीच वर्षे साधले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत सर्वत्र झाली. ती कापता व जोडता येई. परंतु एकत्र वाजलेल्या तीन स्वरांतील एकच स्वर बदलणे फितीवर अशक्य होते, आणि फितीचा वेग वाढविला की लयीबरोबर स्वरही चढे. कारण उघड आहे. फितीवर स्वर नसतात, स्वरांची मिसळलेली लहर असते. लेखनात स्वर व काल या दोन निरनिराळ्या नोंदी असतात, म्हणून एक बदलून दुसरी तशीच ठेवता येते.

गुंडाळीच्या जागी विद्युत्स्मृती आली तेव्हा तत्त्व तेच राहिले. सोय मात्र शतपट वाढली. १९७७ मध्ये रोलँड या जपानी संस्थेने 'एमसी-८' हे यंत्र बाजारात आणले. त्यात सुमारे ५,२०० स्वर साठविता येत. पण प्रत्येक स्वराची उंची, दोन स्वरांमधील अंतर व स्वराचा टिकाव हे सारे आकडे बटणांनी भरावे लागत. १९८० मध्ये रॉजर लिन या अमेरिकन संशोधकाच्या 'एलएम-१' या तालयंत्राने वेगळीच सोय आणली. वादकाने आघात किंचित् पुढेमागे दिला तरी यंत्र तो जवळच्या नियत मात्राभागावर नेऊन बसवी. 'क्वांटाइझ' या नावाने ही क्रिया पुढे सर्वत्र रूढ झाली. मराठीत तिला कालशुद्धी म्हणता येईल.

बफलोच्या परिषदेत जे घडले त्याचीच पुनरावृत्ती १९८३ मध्ये झाली. रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने 'मिडी' हा समान संकेत ठरला, आणि त्या वर्षीच्या जानेवारीत दोन भिन्न उत्पादकांची वाद्ये एका तारेने जोडून त्याचे प्रात्यक्षिक झाले. या संकेतात स्वराला ० ते १२७ यांपैकी एक क्रमांक असतो. मध्य-सप्तकातील पाश्चात्त्य 'सी'चा क्रमांक ६०. कळ किती जोराने दाबली हे १ ते १२७ या आकड्यांनी सांगावयाचे. हजार स्वरांचे वादन काही हजार बाइटांत मावते. त्याच वादनाचे ध्वनिमुद्रण सीडीच्या प्रतीने केले तर मिनिटाला सुमारे एक कोटी बाइट लागतात. लिपीचा हा आटोपशीरपणाच तिच्या प्रसाराचे मुख्य कारण ठरला. १९८६ चा एन्सोनिक 'ईएसक्यू-१' व १९८८ चा कॉर्ग 'एम-१' यांच्यासारख्या कळफलकांत आठ पदरांचे लेखनयंत्र वाद्याच्या पोटातच आले. एका पदरावर दुसरा पदर चढविणे, चुकलेला तुकडा तेवढाच पुन्हा वाजवून मधे घालणे, एकेक स्वर थांबून थांबून भरणे, सबंध चीज दुसऱ्या पट्टीत नेणे व लय स्वतंत्रपणे बदलणे या साऱ्या क्रिया एकट्या वादकाच्या हाती आल्या.

आता प्रश्न असा की, या लिपीने काय लिहिले आणि काय वगळले? कोणतीही लिपी बोलण्यातील सर्व भेद टिपीत नाही. ज्या भेदांना तिच्या कर्त्यांनी घटक मानले तेवढेच ती टिपते. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ दाखविण्याची सोय आहे. वाक्यातील स्वराघाताचा चढउतार दाखविण्याची नाही. मिडीचा मूळ घटक कळ हा आहे. दोन कळांच्या मधील प्रवास, म्हणजे आपल्या संगीतातील मींड, हा तिच्या दृष्टीने घटक नव्हे. मींडेसाठी 'पिच बेंड' या नावाची वेगळी नोंद आहे आणि तिच्या १६,३८४ पायऱ्या आहेत. म्हणजे सूक्ष्मतेची उणीव नाही. उणीव आहे ती संबंधाची. १९८३ च्या संकेतात ही नोंद स्वराला जोडलेली नसून सबंध वाहिनीला जोडलेली आहे. त्यामुळे एका वाहिनीवर दोन स्वर वाजत असता एकाचीच मींड काढता येत नाही. दोन्ही एकदम सरकतात. संपादनात तर याचा परिणाम विशेष जाणवतो. अनेक यंत्रांत कालशुद्धी केली असता स्वर आपल्या जागेवरून हलतो, परंतु मींडेची नोंद मूळ क्षणीच मागे राहते. शब्द एका ओळीत आणि त्याची मात्रा दुसऱ्या ओळीत पडावी, तसे हे होते.

महाराष्ट्रातील संगीतज्ञांना ही तक्रार नवी नाही. बाजाची पेटी युरोपातून येथे आली, संगीत रंगभूमीवर स्थिरावली, आणि तिच्यावर पहिला आक्षेप आला तो हाच की तिला मींड निघत नाही व श्रुती साधत नाहीत. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि ई. क्लेमेंट्स यांच्या साहाय्याने श्रुतींची पेटी तयार करण्याचा यत्न केला. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी केली. १९७१ मध्ये ती काही मर्यादेत शिथिल झाली. श्रुतींची पेटी हा घटकांची संख्या वाढविण्याचा उपाय होता. परंतु मींड ही संख्येची बाब नसून स्वरास्वरांतील संबंधाची बाब आहे. हे मर्म भातखंडे यांच्या स्वरलिपीत अधिक नेमके उतरले आहे. त्यांनी मींडेसाठी दोन स्वरांना सांधणारी कमान योजिली आणि कणस्वर मुख्य स्वराच्या माथ्यावर लहान अक्षरात बसविला. अशी मींड स्वरांपासून सुटी होऊ शकत नाही. सूक्ष्मतेत भातखंडे यांची लिपी मिडीच्या पासंगालाही पुरणार नाही. पण घटक कोणता हे ठरविण्यात ती आपल्या संगीताच्या अधिक जवळ आहे.

कालशुद्धीचा विचार याच दृष्टीने केला पाहिजे. ही क्रिया प्रमाणीकरणाची आहे. वादकाने मात्रेच्या किंचित् मागे ठेवलेला स्वर अनवधानाने मागे राहिला की लयीचा डौल साधण्यासाठी बुद्धिपुरस्सर ठेवला, हे यंत्राला कळत नाही. ते दोहोंना एकच नियम लावते. लेखनिकाने बोलीतील रूप अशुद्ध समजून ग्रांथिक करावे, आणि त्या रूपाचा पुरावाच नाहीसा व्हावा, असा हा प्रसंग आहे. मराठीच्या अभ्यासकाला याचे मोल ठाऊक आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांचा गोंधळ माजला असता त्यांनी केलेले हे कार्य थोर होते, यात शंका नाही. तरी त्यापूर्वीचे पाठ कोणते होते, हा प्रश्न त्यानंतर सव्वातीनशे वर्षांनीही सुटला नाही. १९०९ मध्ये राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून जी प्रत छापली तिच्याविषयी पंडितांत वाद झाला तो यामुळेच. शुद्ध प्रत मान्य झाली की अशुद्ध म्हणून टाकलेल्या प्रती कोणी जपत नाही, आणि भाषेचा इतिहास बहुधा त्या टाकलेल्या प्रतींतच असतो.

लिपीतील उणिवा लिपीकारांच्या ध्यानी आल्याच नाहीत असे नाही. २०१८ मध्ये मान्य झालेल्या 'एमपीई' या पद्धतीत प्रत्येक स्वराला स्वतंत्र वाहिनी देऊन त्याची मींड त्याच्याशी जोडण्यात आली. २०२० मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती मान्य झाली. तीत स्वरागणिक मींडेची तरतूद आहे, आणि आघाताच्या जोराची पायरी १२७ वरून ६५,००० च्या वर गेली आहे. भातखंडे यांच्या कमानीने जे सांगितले होते ते विद्युत्लिपीला येथे प्रथमच सांगता येऊ लागले. तथापि नवी लिपी जुन्या नोंदींत नसलेले भेद निर्माण करू शकत नाही. १९८३ नंतरच्या साडेतीन दशकांत जे वादन जुन्या संकेतात लिहिले गेले, ते त्या संकेताच्या मर्यादेतच राहणार.

यावरून संशोधकाने घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. कळफलकावरील वादनाची नोंद हा ध्वनीचा पुरावा नव्हे, तो एका विशिष्ट लिपीतील लेख आहे. म्हणून त्या लिपीने कोणते घटक मानले याची चिकित्सा आधी झाली पाहिजे. ज्या वादनावर मींड, कण किंवा लयीचा डौल यांविषयी निष्कर्ष काढावयाचे असतील त्याचे ध्वनिमुद्रण लेखनाच्या जोडीला असणे अवश्य आहे. दुसरे असे की, संपादनाची सोय जितकी वाढते तितके पहिल्या, न शोधलेल्या नोंदीचे महत्त्व वाढते. काही यंत्रांत कालशुद्धी मूळ नोंदीला धक्का न लावता केवळ वाजविताना होते. काहींत ती मूळ नोंद पुसूनच होते. यंत्र दुसऱ्या प्रकारचे असेल तर संपादनाला हात घालण्यापूर्वी पहिली नोंद वेगळ्या नावाने साठवून, तिच्यावर वादकाचे नाव, तारीख व यंत्राचा प्रकार टिपून ठेवावा. तिची जागा व्यापण्यास काही हजार बाइट पुरतात. ती एकदा पुसली गेली, तर वादकाच्या हाताने तेथे काय केले होते हे कोणत्याही पाठचिकित्सेने पुन्हा सांगता येणार नाही.