शस्त्र घटकेचें, पथ्य जन्माचें

स्थूलता कमी करण्यासाठीं पोटावर शस्त्रक्रिया करतात, ही गोष्ट आतां सुशिक्षित घरांतून नवी राहिलेली नाहीं. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतून अशा शस्त्रक्रिया नित्य होतात, आणि कोणाचें वजन किती उतरलें याची चर्चाही घरोघर चालते. परंतु रुग्णालयांतून परत आलेला मनुष्य पुढें काय खातो, कसा राहतो, दहा वर्षांनीं त्याची प्रकृति कशी असते, याची विचारपूस क्वचितच होते. या शस्त्रक्रियेचा इतिहास पाहिला तर मात्र असें दिसतें कीं, तिची खरी प्रगति या दुसऱ्या विचारपुशींतूनच झालेली आहे.

जठरावांचून मनुष्य जगूं शकतो, हें प्रथम एका निराळ्याच रोगाच्या निमित्तानें कळलें. व्हिएन्ना येथें थिओडोर बिलरोथ यांनीं १८८१ सालीं कर्करोगानें ग्रासलेला जठराचा भाग यशस्वी रीतीनें कापून काढला. १८९७ सालीं झुरिक येथें कार्ल श्लाटर यांनीं ५६ वर्षांच्या एका स्त्रीचें संपूर्ण जठर काढलें, आणि ती त्यानंतर वर्षाहून अधिक काळ जगली. अन्नाची कोठी नाहींशी झाल्यावर घर चालवावयाचें कसें, हा प्रश्न तेव्हांपासून वैद्यांपुढें उभा राहिला. अशा रोग्यांना गोड खाल्ल्यावर घाम सुटे, छाती धडधडे. कांहींना तर कित्येक वर्षांनीं रक्तक्षय जडे. बोस्टन येथील विल्यम कॅसल यांनीं या रक्तक्षयाचें मर्म उलगडलें. रक्त घडविणारें एक सत्त्व अंगीं लागावयाचें, तर जठरांतून पाझरणाऱ्या एका द्रव्याची त्याला सोबत लागते. तें सत्त्व १९४८ सालीं शुद्ध स्वरूपांत हातीं आलें. तेंच बी-१२ जीवनसत्त्व होय.

स्थूलतेवर उपाय म्हणून शस्त्र उचललें गेलें तें यानंतर, आणि पहिला घाव पडला तो जठरावर नव्हे, तर आंतड्यावर. १९५४ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा येथील क्रेमन व लिनर प्रभृति शल्यविशारदांनीं लहान आंतड्याचा मोठा भाग वगळून अन्न पुढें नेण्याची युक्ति प्रसिद्ध केली. १९६९ सालीं पेन व डीविंड यांनीं जी पद्धति रूढ केली, तींत लहान आंतड्यापैकीं अवघे १८ इंच, म्हणजे हातभर लांबीच काय ती अन्नाच्या वाटेंत उरे. वजन झपाट्यानें उतरलें खरें. पण त्यामागून जुलाब, मूतखडे, सांधेदुखी आणि रातांधळेपणा आला, व कित्येकांचें यकृत निकामी होऊन ते दगावले. अनेकांची शस्त्रक्रिया उलट फिरवावी लागली. तराजूनें ज्याला यश म्हटलें, त्याला शरीरानें नकार दिला, आणि ती पद्धति मागें पडली.

दुसरा मार्ग दाखविला तो आयोवा विद्यापीठांतील एडवर्ड मेसन यांनीं. जठरव्रणासाठीं ज्या स्त्रियांच्या जठराचा भाग काढला होता, त्या पुढें कृशच राहतात, असें त्यांच्या ध्यानांत आलें. त्यावरून १९६६ सालीं त्यांनीं व चिकाशी इतो यांनीं जठराची वरची लहानशी पिशवी वेगळी करून ती थेट आंतड्याला जोडली. मेसन यांचा मोठेपणा एवढ्यावरच संपत नाहीं. शस्त्रक्रिया झालेल्यांची हकीकत वर्षानुवर्षें टिपून ठेवली पाहिजे, हा आग्रह त्यांनीं जन्मभर धरला. पुढें जठराचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग काढून बाहीसारखी अरुंद नळी ठेवण्याची रीत आली, आणि आज तीच पुष्कळ ठिकाणीं चालते. भूक चेतविणारा घ्रेलिन नांवाचा रस जपानी संशोधकांनीं १९९९ सालीं शोधून काढला. तो मुख्यतः जठराच्या याच भागांतून निघतो. त्यामुळें या शस्त्रक्रियेनंतर जागा तर कमी होतेच, शिवाय भूकही मंदावते.

आतां घरांतील दिनचर्येकडे वळूं. आरंभींचे दिवस पातळ पदार्थांचे, मग मऊ अन्नाचे, आणि नंतर साध्या जेवणाचे. पण घास लहान, चावणें सावकाश, आणि पाणी जेवणाबरोबर नव्हे, तर अर्ध्या तासाच्या अंतरानें. ताटांत आधीं घट्ट वरण, दहीं, अंडें किंवा मासळी यांचा मान. भात-पोळी त्यांच्या मागून. कारण पोटांत जागा थोडी, आणि प्रथिनें कमी पडलीं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात व केस गळूं लागतात. जिलबी किंवा सरबत लहान पिशवींतून एकदम आंतड्यांत उतरलें, तर घेरी, घाम व जुलाब यांचा तोच जुना त्रास उद्भवतो. आपल्याकडील पंगतींत आग्रह हा प्रेमाचा अलंकार मानला जातो. अशा माणसाला मात्र तो आग्रह अपाय करतो.

जीवनसत्त्वें, लोह व चुना यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. बी-१२ चा सांठा यकृतांत कांहीं वर्षें पुरतो. म्हणून गोळ्या सोडल्या तरी आरंभीं कांहींच बिघडल्यासारखें वाटत नाहीं, आणि हीच मोठी फसगत होय. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनानें आपल्या लोकांत या सत्त्वाची उणीव मुळांतच पुष्कळ असल्याचें दाखविलें आहे. शाकाहारी कुटुंबांनीं तर विशेष जपावें. उलट बी-१ चा सांठा कांहीं आठवड्यांतच सरतो. सतत ओकाऱ्या होणाऱ्या रोग्याची दृष्टि दुहेरी झाली, चाल अडखळूं लागली, तर ती निव्वळ अशक्तता समजूं नये. गिरणींत घासून पांढरा केलेला तांदूळ खाणाऱ्या जावा बेटांतील कैद्यांना जो बेरीबेरी होई, त्याचाच हा सोयरा आहे. वेळेवर उपचार न झाल्यास मेंदूला कायमची इजा होते.

एवढें सारें सोसून लाभ काय? स्वीडनमध्यें १९८७ पासून ४,०४७ स्थूल स्त्री-पुरुषांचा मागोवा घेण्यांत आला. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० जणांपैकीं १०१, तर नेहमींच्या उपचारांवर राहिलेल्या २,०३७ पैकीं १२९ जण सरासरी अकरा वर्षांत मृत्यु पावले होते. म्हणजे लाभ खरा आहे. पण त्याच वृत्तांतांत असेंही आढळतें कीं, जठर वळविलेल्यांचें वजन पहिल्या दोन वर्षांत शेंकडा ३२ नीं घटलें, तें दहाव्या वर्षीं शेंकडा २५ वर येऊन ठेपलें. मद्य अशा शरीरांत लवकर चढतें, आणि दुसऱ्या वर्षापासून त्याचें व्यसन वाढल्याचें अमेरिकेंतील २०१२ सालच्या पाहणींत दिसून आलें. स्त्रियांनीं पहिलें वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी, असें वैद्य सांगतात.

या इतिहासांत शल्यविशारदांचीं नांवें ठळक आहेत. परंतु त्यांना शहाणपण शिकविलें तें निनांवी रोग्यांनीं. हातभर आंतड्यावर जगूं पाहणाऱ्यांच्या यातनांतून पुढच्यांचें पथ्य ठरलें. त्या पथ्याची राखण आज दवाखान्यापेक्षां स्वयंपाकघराकडे अधिक आहे. किती किलो उतरलें, हा प्रश्न वर्षभर शोभतो. रक्त तपासलें कीं नाहीं, हा प्रश्न मात्र घरांतील कोणीतरी आपुलकीनें दरवर्षीं विचारला पाहिजे.