बनारसची चकमक (4 जून 1857)

1857 च्या स्वातंत्र्यसमरातील आरंभीची एक लहान चकमक. ती बनारसच्या कवायतीच्या मैदानावर झाली, पण तिच्या मुळाशी हावड्याची आगगाडी होती.

मेरठच्या उठावाची बातमी आल्यावर कलकत्त्याच्या सरकारने मद्रासहून गोऱ्या फ्युझिलियर्स पलटणीला बोलावले. हुगळीवर तेव्हा पूल नव्हता. शिपाई नावांतून हावड्याच्या काठाला येत. मे महिन्याच्या अखेरीस एका तुकडीला उशीर झाला आणि रेल्वेचे अधिकारी ठरल्या वेळी गाडी सोडू लागले. तेव्हा फ्युझिलियर्सचा प्रमुख कर्नल जेम्स नील याने स्टेशनमास्तरालाच पहाऱ्यात ठेवले आणि शेवटचा शिपाई चढेपर्यंत गाडी अडवून धरली. राणीगंजपर्यंतचा सुमारे 195 किमी. लोहमार्ग 1855 मध्ये सुरू झाला होता. पुढचा प्रवास ग्रँड ट्रंक रस्त्याने झाला.

जूनच्या सुरुवातीला नील बनारसला पोहोचला. 3 जूनला आझमगडची 17 वी पलटण उठली होती, म्हणून बनारसच्या 37 व्या पलटणीची हत्यारे काढून घ्यायचे ठरले. 4 जूनला संध्याकाळी शिपाई मुकाट्याने बंदुका ठेवू लागले होते. तेवढ्यात गोरे सैनिक चालून येताना दिसले आणि आपल्याला कापून काढणार, या भीतीने काहींनी बंदुका पुन्हा उचलल्या. इंग्रज तोफखान्याचा अधिकारी असलेल्या ऑल्फर्ट्‌सच्या तोफा सुरू झाल्या. मागे उभ्या असलेल्या लुधियानाच्या शीख पलटणीत गोंधळ उडून गोळ्या सुटल्या, तेव्हा तोफांची तोंडे तिच्याकडेही वळली. ब्रिगेडिअर पॉन्सन्बी उन्हाने कोसळला आणि सूत्रे नीलच्या हाती गेली. हत्यारे ठेवणाऱ्यांवर ओढवलेल्या या लढाईला बंड म्हणणे न्याय्य नाही.

त्यानंतर शहरात आणि आसपासच्या गावांत फाशीचे सत्र सुरू झाले. बंडवाल्यांची निशाणे मिरवत ढोल वाजवणाऱ्या कोवळ्या पोरांनाही फासावर चढवले गेले. इंग्रज इतिहासकार जॉन के यानेच ते नोंदवले आहे. शिक्षा सुनावणाऱ्यांपैकी एका अधिकाऱ्याने डोळ्यांत पाणी आणून त्यांच्यासाठी रदबदली केली, पण ती फुकट गेली.

बनारसची बातमी वणव्यासारखी पसरली. 5 जूनला जौनपूरच्या शीख तुकडीने आणि 6 जूनला अलाहाबादच्या 6 व्या पलटणीने उठाव केला. कानपुरात 4 जूनच्या रात्रीच शिपाई उठले होते आणि लवकरच नानासाहेब पेशवे त्यांचे पुढारी झाले. बनारसच्या आणि त्यानंतर अलाहाबादेत झालेल्या कत्तलींच्या हकिकती तिथे पोहोचल्या, तेव्हा इंग्रजांविषयीचा संताप आणखी भडकला. 27 जूनला कानपूरच्या सतीचौरा घाटावर झालेल्या इंग्रजांच्या हत्याकांडाचा विचार या कत्तली वगळून करता येत नाही.