तीस जीव आणि एक कुत्रा

१९९०च्या दशकात अंधेरी-बोरिवलीकडे काय किंवा घाटकोपर-मुलुंडकडे काय, इमारतीतील एखाद्या घरी व्हिडिओ गेम आला की उन्हाळ्याच्या सुट्टीत सारी मुले तेथेच जमत. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ साली काढलेल्या ‘फॅमिकॉम’ यंत्राची ती बहुधा विनापरवाना नक्कल असे. कॅसेटसोबत माहितीपुस्तिका नसे. त्यामुळे खेळांतील गुपिते आम्हांस जिन्यावर, कानोकानी कळत. आणि ती पाहणारा नेहमी कुणाचा तरी मामेभाऊ असे!

‘कॉन्ट्रा’त अवघे तीन जीव मिळत. वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए अशी बटणे दाबल्यास तीस मिळतात, अशी कुजबुज होती. ती खरी निघाली. काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ साली ‘ग्रॅडियस’ची चाचणी सुलभ व्हावी म्हणून ही युक्ती योजली होती, १९८८च्या ‘कॉन्ट्रा’त तीच आली.

उलट, कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ असे ठळक छापलेले असे. प्रत्यक्षात काही थोडेच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. कॅसेट फुंकली की चालते, यावर तर आम्ही कधी शंकाच घेतली नाही. वास्तविक, काढून पुन्हा बसवल्याने जोड नीट लागे. फुंकरीतील ओलाव्याने उलट तो गंजे.

‘डक हंट’मध्ये बदक निसटले की गवतातून कुत्रा डोके काढून हसे. आखातात वडिलांकडे सुट्टी घालवून आलेला आमच्यातील एक मुलगा म्हणाला, “मी त्या कुत्र्याला गोळी घातली आहे.” आम्ही दिवसभर नेम धरला, कुत्रा हसतच राहिला. आम्ही त्या मुलाला ‘थापाड्या’ ठरवले आणि पुढे त्याला खेळायला डाव दिला नाही.

पुष्कळ वर्षांनी समजले, की याच खेळाचा नाणे टाकून खेळायचा एक अवतार होता आणि त्याच्या बोनस फेरीत कुत्र्याला खरोखरच गोळी लागे. तो मुलगा दुसऱ्या यंत्राविषयी खरे बोलत होता.

छापील आकडा खोटा होता, तो आम्ही मानला. मित्राचा शब्द खरा असू शकत होता, तो आम्ही नाकारला. पडताळा आम्ही घेतला होता खरा, पण आपल्याच यंत्रावर. “तू कोठे पाहिलेस?” एवढे विचारायचे मात्र राहून गेले.