क्वार्टर गेट ते पंचहौद

आमच्या बचत गटात ख्रिस्ती मैत्रिणीही आहेत. “तुम्ही मूळच्या कुठल्या?” हा प्रश्न त्यांना हमखास येतो. पुण्याच्याच, असं सांगितलं तरी समोरचीला पटत नाही. म्हणून एका रविवारी आम्ही सगळ्याजणी नाना पेठेतून पायी निघालो.

क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च १७९२ सालापासूनचं. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती लोक होते. त्यांच्या प्रार्थनेसाठी सवाई माधवरावांनी ही जागा दिली. आता हिशेब करा. पुण्यात इंग्रजांचं राज्य आलं १८१८ ला. म्हणजे हे चर्च त्यांच्याही २६ वर्षं आधीचं! चर्च आलं ते साहेबाबरोबर, असं आपल्यापैकी कितीजणी धरून चालतात.

तिथून गुरुवार पेठेत. पंचहौदचं चर्च १८८५ चं, घंटांचा उंच मनोरा बाजूला वेगळा उभा. इथल्या मिशनमध्ये १८९० साली व्याख्यानाला आलेल्यांना चहा दिला गेला. त्यांत टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. नावं छापून आली आणि ग्रामण्य पेटलं. घोटभर चहापायी! १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. चहा पुरुषांसमोर आला, पण वाळीत पडलं की भटजी मिळेना, सोयरीक अडे, लेकी माहेरी येईनात. झळ स्वयंपाकघरापर्यंत पोचे. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहिलाय. वाचनालयात पुस्तक मिळतं, जरूर आणा.